रिचार्ज कधी संपतोय?

(रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यातील भाषण. बोलले तसेच छापले आहे. फक्त चहाच्या वेळी झालेली मध्यंतरीची चर्चा गाळली आहे.)



सेक्रेटरींनी मला विषय दिला होता 'निवृत्तीनंतरची गुंतवणूक'. बँकेतला माणूस दिसला की लोकांना व्याजदराशिवाय दुसरं काही सुचत नाही. मी त्यांना म्हटलं, गुंतवणुकीवर बोलायला बाहेरून पुष्कळ लोक येतात आणि जाताना फॉर्मवर सही घेऊन जातात. मी आपला मोबाईलच्या रिचार्जवर बोलतो. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय.

मागच्या सर्वसाधारण सभेत मासिक वर्गणी पन्नास रुपयांनी वाढवायचा ठराव आला होता, आठवतंय ना? सव्वादोन तास चर्चा चालली. मीही बोललो, आणि जरा जास्तच बोललो. लिफ्टचा करार, पाण्याची मोटर, वॉचमनचा पगार, सगळं निघालं. रात्री घरी जाऊन डायरी उघडली तेव्हा लक्षात आलं, जुलै २०२४ मध्ये मोबाईल कंपन्यांनी दर वाढवले. जिओचा २३९ चा पॅक २९९ झाला, एअरटेलचा २६५ चा २९९ झाला. एका फोनमागे ३४ ते ६० रुपये, तेही महिन्याला नव्हे तर दर २८ दिवसांनी, आणि घरात फोन दोन-तीन. त्यावर आपल्यापैकी कुणी हूं की चूं केलं नाही. मला स्वतःला तर माझ्या फोनवर कुठला पॅक आहे हेच ठाऊक नव्हतं. मुलगा पुण्याहून मारतो रिचार्ज. आपल्या बिल्डिंगमध्ये विचारून बघितलं, तर बहुतेकांचं उत्तर तेच. "पोरगा करतोय की हो, आपल्याला काय कळतंय त्यातलं!"

आपण इथं राहायला आलो तेव्हाची गोष्ट बघा. तळमजल्यावर जिन्याखाली तो करडा डबा आहे ना, ज्यात आता पाली राहतात, तो टेलिफोनचा. प्रत्येक फ्लॅटच्या हॉलमध्ये बिल्डरने फोनचा पॉइंट काढून दिला होता आणि त्याचं आपल्याला केवढं अप्रूप होतं! मोबाईल तेव्हा मोजक्या लोकांकडे. आलेल्या फोनलाही पैसे पडायचे, म्हणून नंबर बघून कट करायचा आणि घरी येऊन लँडलाइनवरून लावायचा. १ मे २००३ पासून येणारे कॉल फुकट झाले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपये सुरुवातीला भरून हँडसेट द्यायला सुरुवात केली. स्वस्त म्हणून झुंबड उडाली. पण त्या फोनात सिमकार्ड घालायची सोयच नव्हती. कंपनी सोडली की फोन नातवाला खेळायला. 'फोन आपला आणि कंपनी कुठलीही' ही सोय किती मोठी आहे, ते ज्यांनी तो फोन वापरला त्यांना कळतं.

मग २००५ च्या अखेरीस आलं 'लाइफटाइम'. ९९९ रुपये एकदा भरा आणि इनकमिंग आयुष्यभर चालू. आमच्या शाखेतल्या शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांनी घेतलं. लाइफटाइम कुणाचं, हे कुणी विचारलं नाही. बारीक अक्षरात लिहिलं होतं की कंपनीच्या परवान्याचं आयुष्य! आणि तेही पुरतं लाभलं नाही. २०१८ च्या शेवटी कंपन्यांनी २८ दिवसांना किमान ३५ रुपये भरा असं सुरू केलं आणि आपलं आजीवन संपलं. कर्जाच्या कागदावर सह्या घेताना 'नीट वाचा हो' म्हणणारा मी, माझ्या कपाटात ते कार्ड अजून आहे.

आता मुद्द्यावर येतो.

पॅक निवडायच्या आधी आपला वापर मोजा. डॉक्टर औषध देण्याआधी साखर तपासतात, तसं. फोनच्या सेटिंगमध्ये 'डेटा युसेज' म्हणून असतं. तिथं मोबाईलचा डेटा वेगळा आणि वायफायचा वेगळा दिसतो. मी एक महिना नोंद ठेवली. वायफायवर एकोणीस जीबी गेले. कीर्तनं, जुनी गाणी आणि नातीचे व्हिडिओ कॉल. मोबाईलच्या डेटावर सव्वा जीबी. आणि माझा पॅक होता २९९ चा, रोज एक जीबीचा, म्हणजे २८ दिवसांत २८ जीबी. सव्वा वापरले आणि बाकीचे रोज रात्री बारा वाजता वाया गेले. वर घरच्या फायबरचे पैसे वेगळे भरतोच आहे. एकाच पावसासाठी दोन छत्र्या.

दुसरं, २८ दिवस. वर्षाला बारा रिचार्ज होतात असं आपण धरतो. ३६५ ला २८ ने भागा, तेरा येतात. तेरावा महिना कंपनीचा. २०२२ मध्ये ट्रायने सांगितलं की प्रत्येक कंपनीने निदान एक पॅक पूर्ण ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा ठेवलाच पाहिजे. ते पॅक आहेत, पण ॲपमध्ये पार खाली. दुकानातला पोरगा आपणहून दाखवत नाही.

तिसरी गोष्ट आपल्यासारख्यांसाठी सगळ्यात कामाची. २३ डिसेंबर २०२४ ला ट्रायने नियम काढला की ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी फक्त बोलणं आणि एसएमएस असलेला पॅक कंपन्यांनी द्यायलाच हवा. अशा पॅकची मुदतही ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवून दिली. त्याप्रमाणे जानेवारी २०२५ मध्ये पॅक आले. एअरटेलचा १८४९ रुपयांत ३६५ दिवस. जिओचा १७४८ रुपयांत ३३६ दिवस. यातला स्वस्त कुठला? सभेत विचारलं तर सगळे म्हणतील १७४८. भागाकार करा. १७४८ भागिले ३३६, दिवसाला पाच रुपये वीस पैसे. १८४९ भागिले ३६५, पाच रुपये सात पैसे. वरून शंभराने महाग दिसणारा आतून स्वस्त आहे. ८४ दिवसांच्या पॅकमध्ये मात्र उलटं. जिओचा ४४८, म्हणजे दिवसाला पाच तेहतीस. एअरटेलचा ४६९, म्हणजे पाच अठ्ठावन्न. ही स्मरणिका तुमच्या हातात पडेपर्यंत आकडे बदललेलेही असतील, म्हणून पाठ करू नका. भागाकार तेवढा लक्षात ठेवा.

माझा हिशेब सांगतो. २९९ गुणिले तेरा, ३८८७. त्याऐवजी १८४९. वर्षाला २०३८ रुपये वाचले. नवरा-बायको दोघांचे धरले तर ४०७६. फार नाहीत म्हणाल. पण वर्गणीतले पन्नास रुपये वर्षाला सहाशेच होतात आणि त्यावर आपण सव्वादोन तास भांडलो.

यात एक खोच आहे, ती लपवत नाही. या पॅकमध्ये इंटरनेट अजिबात नाही. घरात वायफायवर व्हॉट्सॲप चालेल, बँकेचा ओटीपी एसएमएसने येईल, पण लक्ष्मीपुरीत भाजी घेऊन क्यूआर कोडसमोर फोन धरलात तर काही होणार नाही. मी पहिल्या आठवड्यात असाच उभा राहिलो होतो. भाजीवाली म्हणाली, "असू दे आजोबा, उद्या द्या." तेव्हापासून खिशात शंभराच्या दोन नोटा असतात. ज्यांना बाहेर फोनवरून पैसे द्यायचेच आहेत त्यांनी घेण्याआधी विचारून घ्या की या पॅकवर सुटं डेटा व्हाउचर चालतं का, आणि केवढ्याला. ज्यांचं रोज फिरणं आहे, घरी वायफाय नाही, त्यांनी या वाटेला जाऊच नये.

कंपनी कुठली घ्यायची, असं सगळे विचारतात. मी नाव सांगणार नाही. आपल्याच इमारतीत पुढच्या बाजूला जी कंपनी उत्तम चालते ती मागच्या बेडरूममध्ये मुकी होते. शेजाऱ्याचा फोन मागून घ्या, रात्री जिथं उशाशी फोन ठेवता तिथं पाच मिनिटं बसा आणि एक कॉल लावा. गावी जाणं-येणं असेल, राधानगरी, गगनबावडा, चंदगड, तर तिथल्या नातेवाइकाला विचारा. बीएसएनएल स्वस्त आहे, २०२४ मध्ये त्यांनी दर वाढवले नाहीत. पण रेंज बघूनच. आणि घरी म्हाताऱ्या आईकडे जुना टू-जी बटणांचा फोन असेल तर जिओचं सिम त्यात चालत नाही, कारण त्यांचं नेटवर्कच फोर-जीपासून सुरू होतं.

आता हँडसेट. माझं सरळ मत आहे, हातातला फोन चालतोय तोवर नवा घेऊ नका. फोन मंद झाला म्हणजे पुष्कळदा बॅटरी गेलेली असते किंवा 'गुड मॉर्निंग'च्या फोटोंनी पोट भरलेलं असतं. बॅटरी बदलून मिळते. फोन फार जुना झाला की बँकेचं ॲप चालेनासं होतं, सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, तेव्हा मात्र बदलावा लागतो. तो हप्त्यावर घेताना 'नो कॉस्ट ईएमआय' ऐकून भुलू नका. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज ही गोष्टच अस्तित्वात नाही. रोख घेतला तर किती, एवढं एकच विचारा. आणि फार स्वस्त बटणांचा फोन असेल तर तो एकाच कंपनीच्या सिमला बांधलेला नाही ना, तेही विचारा. जिओचा २०१७ चा दीड हजार रुपये अनामतीचा फोन तसा होता, नंतरचा जिओभारतही तसाच.

आपल्यात उलटा वारसा चालतो. मुलगा नवा घेतो, त्याचा जुना बापाकडे येतो. चांगलं आहे. पण मुलं अमेरिकेतून आणतात तेव्हा जरा बघून घ्या. तिकडे पुष्कळ फोन कंपनीकडून हप्त्यावर घेतलेले असतात आणि पैसे फिटेपर्यंत त्याच कंपनीला कुलूपबंद असतात. म्हणून तिकडे 'आपला फोन आपण आणा, आम्ही फक्त सिम देतो' म्हणणाऱ्या छोट्या कंपन्यांची मोठी जाहिरात असते. त्या मोठ्यांचंच नेटवर्क घाऊक घेऊन स्वस्तात विकतात. माझी भाची अशीच 'मिंट मोबाईल'वर आहे, तिचं सिम चालतं टी-मोबाईलच्या टॉवरवर. तिचं मला फार कौतुक सांगत होती. मी म्हटलं, अगं, आमच्याकडे लग्नात आहेर देतात तसा फोन कुणी देतच नाही. आम्ही पहिल्यापासून आपलाच आणतो. तर तो आयफोन आणण्याआधी मुलाला सेटिंगमध्ये 'कॅरियर लॉक' बघायला सांगा; 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असं हवं. आणि तिकडे विकलेल्या आयफोन १४ पासूनच्या फोनना सिमची खाचच नाही, ई-सिम लागतं. आपल्याकडे मिळतं, पण कंपनीच्या दुकानात एक हेलपाटा होतो. जुना फोन इथल्याच बाजारातून घेणार असाल तर *#०६# दाबून पंधरा आकडी नंबर काढा आणि सरकारच्या संचार साथीवर तपासा. चोरीचा असेल तर कळतं.

स्वस्तात स्वस्त म्हणजे रिचार्ज करायचाच नाही, असंही काही जण करतात. दुसरा फोन, दुसरं सिम, पडून राहू दे. हे मी केलेलं आहे, त्यामुळे सांगतो.

माझी पत्नी गेली त्याला तीन वर्षं झाली. तुम्ही सगळे आला होतात. दिवस-कार्य झाल्यावर तिचा फोन मी चार्ज करून कपाटात ठेवला. काढायला मन होत नव्हतं आणि वापरणार कोण? काही दिवसांनी पॅक संपला. मी भरला नाही. माझ्या फोनमध्ये तिचा नंबर 'घर' या नावाने होता. पुढच्या वर्षी एक दिवस व्हॉट्सॲप चाळत होतो, तर 'घर'च्या गोलात एक पोरगा, काळा चष्मा लावून मोटरसायकलवर बसलेला.

मी बराच वेळ नुसता बघत बसलो. मग फोन लावला. बार्शीचा निघाला. बिचारा सभ्य होता. नवीन सिम घेतलं तर हा नंबर मिळाला म्हणाला. आणि म्हणाला, "काका, तुमचेच मेसेज येतात व्हय हे? गॅसची टाकी बुक झालेली, लाइट बिल... आणि परवा तुमच्या एफडीचं व्याज जमा झालं बघा."

माझ्या अंगावर काटा आला. आमची ठेव दोघांच्या नावाने, पहिलं नाव तिचं, त्यामुळे मोबाईल नंबरही तिचा. व्याज माझ्या खात्यात येत होतं म्हणून मी शाखेत गेलोच नव्हतो. मी, ज्याने बत्तीस वर्षं काउंटरच्या आतून लोकांना सांगितलं की वारल्याची नोंद करा, नंबर बदला, आळस करू नका. तो पोरगा चांगला होता म्हणून निभावलं. त्या नंबरवर ओटीपी जात होता हो! दुसऱ्याच दिवशी मृत्यूचा दाखला घेऊन रांगेत उभा राहिलो. गॅस, महावितरण, बँक, सगळीकडे. तीन आठवडे गेले. नंबर परत मिळणार नव्हता, आणि त्या मुलाकडून मागायचा तरी कुठल्या तोंडाने?

नियम असा आहे. ९० दिवस नंबरवर काहीच झालं नाही, ना कॉल, ना मेसेज, ना इंटरनेट, तर कंपनी तो बंद करू शकते. प्रीपेड खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून आणखी ३० दिवस देतात. बंद केल्यावर निदान ९० दिवस तो दुसऱ्याला देत नाहीत. त्यानंतर तो कुणाचाही. यूपीआयवाल्यांना आता अशा बंद नंबरांची यादी दर आठवड्याला तपासून आपल्या नोंदी बदलाव्या लागतात, ही २०२५ मधली सुधारणा आहे. पण गॅसवाला, बिलवाला, सोसायटीचा ग्रुप, यांना कोण सांगणार? घरातलं माणूस गेलं तर मृत्यूचा दाखला आणि आपलं आधार घेऊन कंपनीच्या दुकानात जा. नंबर आपल्या नावावर करून मिळतो. मग सगळीकडची नोंद बदलेपर्यंत लहानात लहान पॅक टाकून तो जिवंत ठेवा. मला तेव्हा दोनशे-अडीचशे रुपये लागले असते.

राहिली कंपनी बदलायची रीत. नंबर तोच राहतो, ही सोय देशभर जानेवारी २०११ पासून आहे. इंग्रजीत 'पोर्ट' लिहून, जागा सोडून, आपला दहा आकडी नंबर लिहायचा आणि १९०० वर पाठवायचा. आठ अक्षरांचा कोड येतो. तो चार दिवस चालतो. तेवढ्यात आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. साधारण तीन कामकाजाच्या दिवसांत बदल होतो, मधे थोडा वेळ फोन बंद पडतो, घाबरू नका. आधीच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, पोस्टपेडचं बिल थकलेलं नको, आणि नुकतंच सिम बदलून घेतलं असेल तर सात दिवस थांबावं लागतं. ही सात दिवसांची अट जुलै २०२४ पासूनची आहे, भामट्यांना आळा बसावा म्हणून. तो आठ अक्षरी कोड फोनवरून कुणालाही सांगू नका. कोड दिलात म्हणजे नंबर दिलात, आणि नंबर दिलात म्हणजे बँक दिलीत. एकादशीला किंवा पेन्शनच्या तारखेला बदल करायला जाऊ नका. एकादशीचं कारण एवढंच की त्या दिवशी वहिनींचे फोन फार असतात.

मघाशी चहाच्या वेळी जोशीकाकूंनी विचारलं, मुलगाच रिचार्ज करतोय तर आता त्याला नको म्हणायचं का? त्याला वाईट वाटेल. नको म्हणू नका. करू दे त्यालाच, फक्त कुठला पॅक ते तुम्ही सांगा. आणि कधी संपतो ती तारीख विचारून घ्या. परदेशातला मुलगा एखादवेळी विसरतो, आजारी पडतो, आणि इथं आपला फोन मुका होतो. पोरगा तिकडून फोन लावत बसतो, लागत नाही, मग वॉचमनला फोन करून 'बाबा ठीक आहेत ना बघा' म्हणतो. असं आपल्या सोसायटीत दोनदा झालंय, कुणाच्या घरी ते सांगत नाही.

म्हणून ऑफिसमध्ये टेबलावर मी एक वही ठेवली आहे. त्यात फ्लॅट नंबर आणि रिचार्ज संपायची तारीख, एवढंच लिहायचं. मोबाईल नंबर लिहू नका, कंपनीही नको. दर सोमवारी सकाळी दहाला मी तिथं असतो. ज्यांची तारीख त्या आठवड्यात असेल त्यांचं दार वाजवतो. ज्यांना वापर मोजायचाय त्यांनी फोन आणि चष्मा घेऊन या, भागाकार मी करून देतो. पेन वहीला दोरीने बांधलेलं आहे. जुनी सवय, रागावू नका.